चौसष्ट हजारचा पत्ता

रागिणीबाईंना एका जागी बसवत नाही, हे जठारपेठेत त्यांच्याकडून फुलं घेणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. हार गुंफता गुंफता त्या उठतात, शेवंतीवर पाणी मारतात, परत बसतात आणि सुईत दोरा तसाच ठेवून पुन्हा रस्त्याकडे पाहून येतात. कोणी यायचं नसतं. मागे त्यांचे यजमान शेखरराव झेंडूची पोती मोकळी करत असतात. कधी एखादं गिऱ्हाईक विचारतं, "काकू, कोणाची वाट पाहून राहिल्या?" तर त्या म्हणतात, "कोनाची नाई व. असंच."

अकोल्याला सून म्हणून आल्या तेव्हापासून हे असंच चालू आहे. साठी जवळ आली तरी उतरलं नाही. स्वभाव असेल, असं लोकांना वाटायचं. शेखररावांनाही तसंच वाटत आलं होतं, मागच्या हिवाळ्यापर्यंत.

त्या हिवाळ्यात शहराबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात जुन्या संगणकांचं प्रदर्शन भरलं. उद्घाटनाचे हार आणि टेबलावरची फुलं यांच्या दुकानातून जायची होती. शेखरराव बाजारात अडकले म्हणून रागिणीबाईच ऑटोनं गेल्या. हार शिपायाच्या हाती दिले आणि निघता निघता त्यांनी हॉलमध्ये डोकावलं. एका टेबलावर शाळेच्या पाटीएवढं काळं यंत्र होतं. त्याच्यावर करड्या रबरी बटणांच्या रांगा, बाजूला टीव्ही आणि एक साधा टेपरेकॉर्डर.

त्या थेट आत गेल्या.

"हे चालते का?"

टेबलामागे श्रेयस नावाचा तरुण प्राध्यापक होता. "चालतं ना, मावशी. याला स्पेक्ट्रम म्हणतात. लोक घरच्या टीव्हीला जोडायचे आणि प्रोग्रॅम गाण्याच्या कॅसेटवर ठेवायचे."

"मले माहीत हाय," त्या म्हणाल्या, पण इतक्या हळू की त्याला ऐकू गेलं नाही.

श्रेयसच्या विद्यार्थ्यांनी त्या यंत्रासाठी दोन गोष्टी केल्या होत्या. एक कॉलेजच्या कमानीचं चित्र आणि दुसरी एक सुरावट. दोन्ही दोन कॅसेटवर होत्या. त्यानं आधी चित्राची कॅसेट लावली. टेपमधून कानाला झोंबणारी किरकिर आली आणि थांबली. मग सुरावटीची कॅसेट लावली. सूर ठीक वाजले, पण नंतर चित्र मागवलं तर पडद्यावर अर्धी कमान आणि अर्ध्या जागी मुंग्या पसरल्यासारखे ठिपके. पोरं हसायला लागली.

श्रेयसही हसला. "हसू नका, हेच शिकायचं आहे. या यंत्रावर फाईल सेव्ह करताना तिचा मेमरीतला पत्ता सोबत जातो. लोड करताना दुसरं काही सांगितलं नाही, तर ती नेमकी त्याच पत्त्यावर जाऊन बसते. तुम्ही दोघांनी एकच पत्ता दिला. चित्र आधी बसलं होतं, सूर येऊन त्याच्या डोक्यावर बसले. दुसरी फाईल लोड करताना वेगळा पत्ता द्यायचा, म्हणजे दोन्ही राहतात."

"म्हंजे आधीचं कोनी पुसलं नाई?" रागिणीबाईंनी विचारलं.

"नाही हो. कोणी काहीच केलं नाही."

"मंग दोघाईनं एकच नंबर काहून देला?"

"मी फळ्यावर उदाहरण म्हणून जो लिहिला, तोच सगळ्यांनी उचलला," श्रेयस म्हणाला. "नेहमीच होतं."

रागिणीबाई वळल्या, बाहेर आल्या आणि चालायला लागल्या. ऑटो शेजारून हॉर्न देत गेले, एकालाही त्यांनी हात केला नाही. दुकानात पोचल्या तेव्हा पायातल्या चपला आणि साडीचे काठ धुळीनं माखले होते, आणि शेखररावांना त्यांनी काहीच सांगितलं नाही.

त्यांचं माहेर अमरावतीचं. वलगाव रोडला घरचा मळा होता. वडील वांगी, मेथी आणि शेवंती लावायचे, आई पार्बताबाई अंबादेवीच्या देवळापाशी फुलं विकायची. सत्त्याऐंशी साली रागिणी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. राजापेठेत एका दवाखान्याच्या माडीवर मनोज सरांनी संगणकाचा क्लास काढला तेव्हा तिनं आईच्या मागे लागून नाव घातलं. मनोज सर पुण्याहून नुकतेच शिकून आले होते. पुस्तकातलं एखादं पानच ते पोरांच्या पुढे असत, पण हौस दांडगी होती.

क्लासात मुली दोनच. दुसरी गोदावरी, चिंतामण वकिलांची. एक मळ्यातली आणि एक कॅम्पातल्या बंगल्यातली, पण दोघींचं मस्त जमलं. गोदावरी हिच्या डब्यातली भाकर खायची आणि ही तिच्या घरी जाऊन थंड पाण्याची बाटली रिकामी करायची.

वर्षाच्या शेवटी गावातल्या मोठ्या लोकांना बोलावून क्लासात काय काय होतं ते दाखवायचं ठरलं. या दोघींनी ठरवलं की पडद्यावर मराठीत "आमचा बगीचा" असं उमटेल आणि मग खाली एक संत्रं येईल, हिरव्या पानासकट. त्या यंत्राला इंग्रजीच यायची. म्हणून अक्षरं रागिणीनं करायची आणि संत्रं गोदावरीनं.

अक्षर करायचं म्हणजे आठ आडव्या आणि आठ उभ्या घरांत ते बसवायचं. वेलांटीच्या गोलाला वरची रांग द्यावी, तर शिरोरेषा खाली सरकते आणि अक्षराचं पोट दबतं. रागिणी आलेखाच्या कागदावर काढायची, खोडायची. फक्त शीर्षकापुरती अक्षरं काढून तिचं समाधान झालं नाही, तिनं अख्खी बाराखडी धरली. सगळ्यात जास्त तिला ळ नं छळलं. गंमत म्हणजे बोलताना ती ळ कधी म्हणायचीच नाही. केळं तिच्या तोंडी केयं आणि फळं म्हणजे फयं. पण पडद्यावरचा ळ तिला ळच दिसायला हवा होता. जोडाक्षरं मात्र तिनं पुढच्या वर्षावर टाकली.

यंत्रं कमी, म्हणून दोघी वेगवेगळ्या वेळी बसायच्या. आपापलं काम आपापल्या कॅसेटवर ठेवायच्या. सरांनी फळ्यावर पत्ता लिहिला होता चौसष्ट हजार. दोघींनी तोच घातला. एकटं एकटं पाहिलं तर दोन्हीही छान चालायचं.

कार्यक्रमाच्या दिवशी दोन्ही कॅसेट गोदावरीच्या पिशवीत होत्या. सरांनी आधी अक्षरं लोड केली, मग संत्रं, आणि प्रोग्रॅम चालवला. शीर्षकाच्या जागी नुसतं गिजबिज आलं. पुढच्या खुर्चीवरचे एक प्राचार्य मागे वळून म्हणाले, "ही कोणती भाषा म्हणायची? मोडी का?" सगळे हसले. तेवढ्यात खाली लाल-पिवळ्या ठिपक्यांतून नारिंगी संत्रं उमटलं, देठ आणि पान घेऊन, आणि टाळ्यांनी माडी दणाणली. गोदावरीला पुढे बोलावलं. रागिणी खिडकीपाशी उभी होती.

जिन्यात तिनं गोदावरीला गाठलं. "तू केलं हे. कॅसेट तुह्यापाशीच होत्या."

"वेडी आहेस का? मी कशाला करू?"

"टाया तुलेच भेटल्या ना?"

त्यानंतर दोघी बोलल्या नाहीत. रागिणी पुन्हा क्लासात गेली नाही. अकोल्याचं एक स्थळ तेव्हा घरात चर्चेत होतं आणि ती शिकणं संपू द्या म्हणत होती. त्या आठवड्यात ती आईला म्हणाली, "करा काय कराचं ते." पार्बताबाईला नवल वाटलं, पण तिनं फार विचारलं नाही. उन्हाळ्यात लग्न झालं.

प्रदर्शनाहून आल्यावर रागिणीबाईंचे हात चुकायला लागले. गुलाबाच्या हारात त्यांनी लिली ओवली. एका नवरदेवाचा हार आखूड झाला. सकाळी नळ सोडून त्या विसरायच्या. एकदा कॉलेजात जाऊन त्यांनी श्रेयसला विचारून घेतलं, इतक्या जुन्या कॅसेट अजून चालत असतील का. "नशीब असेल तर," तो म्हणाला आणि त्यानं आपला फोन नंबर दिला. शेवटी एका दुपारी शेखररावांनी पोतं खाली ठेवून विचारलं, "झालं काय तुले?"

तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. एका दमात, मधे दोनदा उठून.

शेखररावांनी ऐकून घेतलं. "मंग आता काय?"

"काय म्हंजे? तिले शिव्या देऊन म्या अर्धं आयुष्य काढलं. आता कोनाले देऊ?"

शेखरराव बराच वेळ झेंडूची खराब फुलं निवडत राहिले. मग खाली पाहूनच म्हणाले, "म्हंजे माह्याशी लग्न तू रागानं केलं."

यावर रागिणीबाईंना पटकन काही सुचलं नाही, आणि ते न सुचणंच शेखररावांना लागलं. ते सायकल घेऊन बाहेर गेले. संध्याकाळी परतले तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या. "केलं तवा रागानं केलं," त्या म्हणाल्या. "पन मंग नाई. तुमाले माहीत नाई का?" शेखरराव म्हणाले, "माहीत हाय. तरी ऐकाले बरं नाई वाटलं." आणि हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी त्या अमरावतीच्या बसमध्ये बसल्या. गोदावरी वकील झाल्याचं आणि कॅम्पातच एका फ्लॅटमध्ये राहत असल्याचं त्यांना माहेरच्या शेजाऱ्यांकडून कळलं होतं. मूर्तिजापूरपर्यंत त्यांनी मनात वाक्यं जुळवली, बडनेऱ्यापर्यंत ती सगळी मोडली. इमारतीच्या फाटकाशी उभ्या राहून त्यांनी वरच्या मजल्यावर वाळत घातलेले कपडे पाहिले, वॉचमनला काहीतरीच पत्ता विचारला आणि परतीची बस धरली.

आठवडाभर स्वतःवर चिडून झाल्यावर त्या पुन्हा गेल्या. या वेळी जिना चढल्या आणि घंटी दाबून हात काढून घ्यायलाच विसरल्या.

दार उघडलं ते पांढऱ्या आखूड केसांच्या बाईनं. चष्मा कपाळावर होता, हातात अर्धवट वाचलेले कागद. तिनं चष्मा डोळ्यांवर ओढला आणि नीट पाहिलं.

"रागिणी?"

"हो."

"मी पुसलं नव्हतं ग," गोदावरी म्हणाली. आत ये म्हणण्याच्याही आधी.

"मले कयलं. दोघीईचा पत्ता एकच होता."

"चौसष्ट हजार," गोदावरी म्हणाली.

रागिणीबाई पायपुसण्यावरच थांबल्या. "तुले कवा कयलं?"

गोदावरीनं त्यांना आत नेऊन बसवलं, पाणी आणलं.  

"त्याच आठवड्यात. सरांनी सांगितलं. त्यांनी घरी पुस्तक काढून पाहिलं होतं. मी तुमच्या मळ्यावर आले, रागिणी. तुझी आई विहिरीपाशी होती. म्हणाली, पाहुणे आलेत, पोरगी आत आहे. बाहेर चार लोक बाजेवर बसलेले. मी परत गेले."

"चिठ्ठी टाकाची होती."

"हो."

"कोनापाशी निरोप द्याचा होता."

"हो ना. द्यायचा होता." गोदावरीनं हातातले कागद टेबलावर ठेवले. "खरं सांगू? तेव्हा सगळे संत्र्याचं नाव काढत होते. बाबांच्या ओळखीचे लोक घरी येऊन विचारायचे. म्हटलं, पुढच्या महिन्यात सांगू. तेवढ्यात तुझ्या लग्नाची बातमी आली. मग सांगून काय, असं वाटलं."

रागिणीबाई उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. प्रदर्शनापासून राग धरायला कोणी उरलं नव्हतं. आता समोर कोणी होतं, पण कारण वेगळंच निघालं, आणि ज्या रागाची सवय होती तो इथे बसेना.

"तू पुसलं नाई," त्या म्हणाल्या, "पन चूप राहिली."

"राहिले."

"माह्या अक्षराईले मोडी म्हनलं होतं, माहीत हाय ना?"

"आठवतं. मीही हसले होते. लगेच थांबले, पण हसले होते."

 खाली भाजीवाल्याची हाक आली, मग गाडी पुढे गेली. गोदावरी आतल्या खोलीत गेली आणि जुन्या भजनांच्या कॅसेटचा डबा घेऊन आली. तळाशी दोन कॅसेट होत्या, दोन्हींवर निळ्या शाईत नावं. सरांनी क्लास बंद केला तेव्हा तिच्याकडे दिल्या होत्या. सर आता राहिले नव्हते.

रागिणीबाईंनी त्या हातात घेऊन उलट्यासुलट्या केल्या. "चाल अकोल्याले."

"आत्ता?"

"मंग कवा?"

गोदावरीनं एका पक्षकाराला फोन करून उद्याची वेळ दिली आणि चपला घातल्या. बसमध्ये दोघी शेजारी बसल्या, पण बोलल्या थोडंच. रागिणीबाईंनी श्रेयसला फोन लावला, आणि इतक्या जोरात बोलल्या की पुढच्या सीटवरचा माणूस वळून पाहायला लागला.

प्रदर्शन संपलं होतं, पण यंत्र कॉलेजच्या प्रयोगशाळेत एका कोपऱ्यात होतं. श्रेयसनं टेपरेकॉर्डरचं टेप वाचणारं हेड स्पिरिटनं पुसलं. अक्षरांची कॅसेट पहिल्यांदा लागलीच नाही. पडद्यावर टेप वाचता येत नसल्याचा संदेश आला. दुसऱ्यांदाही तेच. रागिणीबाई त्याच्या मागे येरझारा घालत होत्या. त्यानं हेडचा बारीक स्क्रू जरासा फिरवला, किरकिरीचा आवाज बारीक आणि टोकदार झाला, आणि या वेळी लोड झालं. प्रोग्रॅम गोदावरीच्या कॅसेटवर संत्र्याच्या आधी होता, तोही आला.

आता संत्रं. श्रेयसनं बटणांकडे हात नेला तशा रागिणीबाई म्हणाल्या, "सरका."

त्या यंत्राच्या एकेका बटणावर अख्खी इंग्रजी आज्ञा छापलेली असते. त्यांचं बोट क्षणभर हवेत राहिलं आणि मग बरोबर लोडच्या बटणावर पडलं. पुढे त्यांनी साठ हजारचा पत्ता दिला. गोदावरीनं टेप सुरू केला. संत्रं दुसऱ्या जागी जाऊन बसलं. रागिणीबाईंनी प्रोग्रॅम चालवला.

वरती, शिरोरेषेखाली, ठिपक्यांची पण स्वच्छ अक्षरं आली. आमचा बगीचा. आणि खाली, संत्र्याच्या जागी, नुसतं गिजबिज.

रागिणीबाई मोठ्यांदा हसल्या. इतक्या की त्यांना टेबलाला धरावं लागलं. "आता तुह्यं गेलं!"

गोदावरीही हसली, पण तिची नजर पडद्यावर होती. "गेलं नाही. चित्र काढायच्या ओळीत आपण जुनाच आकडा ठेवला आहे. ती ओळ अजून चौसष्ट हजारवर जाऊन तुझीच अक्षरं वाचते आहे. तिथे साठ हजार कर."

रागिणीबाईंनी ती ओळ शोधली, आकडा बदलला, पुन्हा चालवलं. अक्षरं आली. मग देठ आला, पान आलं आणि सावकाश, वरून खाली रांगेरांगेनं, नारिंगी संत्रं भरत गेलं. श्रेयसनं फोन काढून फोटो घेतला. गोदावरीनं चष्मा पुसला आणि परत लावला.

रागिणीबाई पडद्याला नाक लागेल इतक्या वाकल्या होत्या. "ग वाकडा हाय," त्या म्हणाल्या.

"कोणाला दिसतं ते?"

"मले दिसते. अन् चा अन् गी, दोघाईचा दांडा बारीक झाला." त्या सरळ झाल्या. "हे त्या दिवशी लोकाईनं पाह्यलं असतं तं..." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.  मळा, क्लास, अकोला, शेखरराव, दुकान, सगळं मनात एकदम आलं, आणि त्यातलं नेमकं काय वेगळं झालेलं हवं होतं, हे त्यांना सांगता आलं नसतं.

गोदावरीला स्टँडवर सोडायला त्या गेल्या. बस लागली तेव्हा म्हणाल्या, "म्या माफ केलं असं समजू नोको."

"मी मागितली कुठे अजून?" गोदावरी म्हणाली. "मागायची आहे. पण स्टँडवर नको." आणि बसमध्ये चढली.

त्यानंतर ती दोनदा अकोल्याला येऊन गेली. एकदा तिनं माफी मागितली. रागिणीबाईंनी ऐकून घेतलं आणि हो किंवा नाही असं काही म्हटलं नाही. पण तिला जेवायला ठेवून घेतलं. श्रेयसनं पुढच्या प्रदर्शनात हे काम दोघींच्या नावानं ठेवायचं म्हटलं, तर कोणाचं नाव आधी यावरून फोनवर अर्धा तास वाद झाला आणि अजून मिटलेला नाही.

आता दुकानातून सवड मिळाली की रागिणीबाई प्रयोगशाळेत जातात. जोडाक्षरं करताहेत. आठ घरांत ती बसत नाहीत, म्हणून एका अक्षराला दोन चौकटी द्याव्यात का, यावर त्या श्रेयसचं डोकं खातात. परवा शेखरराव गाडी घेऊन त्यांना घ्यायला आले आणि पहिल्यांदाच आत आले. बराच वेळ टीव्हीकडे पाहत उभे राहिले.

"यात माह्यं नाव येते का?"

"येते," रागिणीबाई मान न वळवता म्हणाल्या. "पन आज नाई. आज क्ष चालू हाय."

"किती वेळ?"

"काय माहीत. बनतच नाई हा."

शेखरराव बाहेर जाऊन गाडीपाशी थांबले. आत बटणांचा आवाज चालू होता, मधेच थांबत होता आणि पुन्हा सुरू होत होता.